कोची-मुन्नार: तिकिटाआधी वार ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून चहाचा मळा बघायला जायचं तर दांडेली-कारवारसारखी दोन दिवसांची उडी मारून चालत नाही. चिकमगळूरला चहा शोधत जाणारे अधूनमधून निघतातच, पण तिथल्या प्रसिद्ध बागा कॉफीच्या. समुद्रकाठचं शहर आणि डोंगरातला चहा एकाच सहलीत हवा असेल तर दोन जोड्या सोयीच्या पडतात. एक कोळीकोड-वायनाड: रेल्वेप्रवास थोडा कमी, आणि तामरश्शेरी घाटाची नऊ वळणं चढलं की वायनाड. दुसरी कोची-मुन्नार. दिवस अगदीच हाताशी नसतील तर पहिली घ्या. पण शहर म्हणून कोची आणि मळा म्हणून मुन्नार या दोघांची सर तिला येत नाही, म्हणून पुढचं सगळं दुसऱ्या जोडीबद्दल.

कोची ते मुन्नार सुमारे १३० किलोमीटर. एक टोक समुद्राच्या पाण्याला टेकलेलं, दुसरं १,५०० ते १,६०० मीटर उंचीवर. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत सहा रात्री लागतात. दोन रेल्वेत, एक कोचीत, दोन मुन्नारला आणि परत एक कोचीत. ही शेवटची कोचीची रात्र लोक पहिल्यांदा कापतात आणि तिथेच फसतात. त्याचं कारण पुढे येईल.

वारांचं गणित

कोचीतल्या मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्याला लागूनच असलेलं ज्यू लोकांचं सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी बंद, शिवाय त्यांच्या सणांना बंद. मुन्नारचं चहा संग्रहालय सोमवारी बंद. रविवारी मळ्यात खुडणी बहुधा नसते, त्यामुळे हिरवेगार उतार दिसतात, पण त्यात माणूस दिसत नाही.

आता आपली नेहमीची सवय बघा. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून लवकर सुटायचं आणि रात्रीची गाडी धरायची. शनिवारी कोचीत पोचलात तर सिनेगॉगला कुलूप. रविवारी घाट चढलात तर अर्धी केरळ तुमच्याबरोबर चढते. सोमवारी निवांत दिवस मिळाला तर संग्रहालय बंद. एकाच सहलीत तिन्ही फटके.

त्याऐवजी रविवारी निघा. सोमवारी कोची, सगळं उघडं. मंगळवारी सकाळी घाट, बुधवारचा पूर्ण दिवस मुन्नार, गुरुवारी खाली, शुक्रवारी परतीची रेल्वे आणि शनिवारी घरी. रजा पाच दिवसांची लागते हे खरं, पण मंगळवार-बुधवारी मुन्नारला खोली स्वस्त मिळते आणि रस्ताही मोकळा असतो. शनिवारी निघालात तरी जमतं. फक्त रविवारी सकाळी फोर्ट कोचीच्या चर्चमध्ये प्रार्थना असते, ते दुपारी ठेवा.

महिन्याचा हिशोबही इथेच करून टाका. मुन्नारच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर नावाची रानबकरी राहते. तिच्या विणीच्या काळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांना बंद असतं. हवा सर्वांत छान तेव्हाच असते, हे दुर्दैव. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक, उंचावरच्या मळ्यांत काही पहाटे दवाचं हिमकण होतं, पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. शाळांना सुट्टी म्हणून आपण दसऱ्याला निघतो, तेव्हा केरळात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झालेला असू शकतो. त्याची रीत वेगळी आहे. सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग, संध्याकाळी गडगडाट. म्हणजे दसऱ्याला गेलात तर बघायचं सगळं दुपारी एकच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये मुन्नार सुखद असतं, पण कोचीत अंगाला शर्ट चिकटतो. जून ते ऑगस्ट घाटात दरडी कोसळतात, तेव्हा जाऊच नका.

डोंगर निळे करणारी कुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. मागचा मोठा बहर २०१८ चा, त्यामुळे पुढचा २०३० ला धरायचा. मधल्या वर्षी कोणी कुरिंजीच्या नावावर पॅकेज विकलं तर हात जोडा.

बेळगावहून कसं जायचं

पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढा, मडगाव करत जाते. आपल्या दारातून जाणारी गाडी, पण आठवड्यातून एकदाच. दोन्हीकडे तीच धरायची म्हटलं तर सहल गाडीच्या तारखेला बांधली जाते. जाताना वार जुळला तर जरूर घ्या, नाहीतर मडगाव गाठा.

मडगावहून रोजच्या दोन गाड्या आहेत. दिल्लीहून येणारी मंगला लक्षद्वीप आणि मुंबईहून येणारी नेत्रावती. मंगला संध्याकाळकडे सुटते आणि सकाळी एर्नाकुलमला पोचवते. नेत्रावती रात्री सुटते आणि दुपारी पोचवते. प्रवास साधारण चौदा-पंधरा तासांचा. कागदावर मंगला सरस, कारण कोचीचा पूर्ण दिवस हाती येतो. पण ती दीड दिवस पळून मडगावला येते, उशीर झाला तर तासांत होतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालतं, तेव्हा या दोन्हींच्या वेळा बदलतात. जुन्या तिकिटावरची वेळ पाठ असेल तर विसरा, नव्याने बघा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठला बसा. तात्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. ऑनलाइन तात्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते त्या दिवशी सकाळी जोडायला गेलात तर गाडी गेलीच समजा.

बेळगाव ते मडगाव सव्वाशे-दीडशे किलोमीटर, चोर्ला घाटातून किंवा खानापूर-अनमोडवरून. गाडीने साडेतीन-चार तास धरा, बसने त्याहून जास्त. मंगला पकडायची असेल तर बेळगाव सकाळी दहा-अकराला सोडा. पावसाळ्यात चोर्ल्यात झाड पडलं किंवा ट्रक आडवा झाला की दोन तास जातात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

स्वतःची गाडी घेऊन जायचा मोह होतो. अंकोला-मंगळूरमार्गे कोची आठशे किलोमीटरच्या घरात आहे. जाता-येता चार दिवस स्टेअरिंगमागे जातील आणि वर घाट. चालवणारे दोघे नसतील तर नको. विमानाने जायचं तर सांबऱ्याहून बंगळूर आणि तिथून कोची, नाहीतर गोव्याहून बघा. कोचीचा विमानतळ शहराबाहेर नेडुंबाश्शेरीला आहे, तिथून शहरात न शिरता मुन्नारची वाट धरता येते. विमानाने येणाऱ्यांनी आधी मुन्नार, मग कोची असा उलटा क्रम लावला तर शहरात दोनदा घुसावं लागत नाही. रेल्वेने येऊन थेट वर जायचं असेल त्यांनीही एर्नाकुलमच्या आधी आलुव्याला उतरावं.

कोची: एक दुपार आणि एक संध्याकाळ

एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाउन. रिक्षावाले त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. मंगला आणि नेत्रावती जंक्शनला, म्हणजे साउथला येतात. परतीच्या दिवशी रिक्षात बसताना ‘साउथ’ असं स्पष्ट सांगा.

मुक्काम कुठे? पहिल्या रात्री एर्नाकुलममध्ये, स्टेशन किंवा मेट्रोच्या जवळ राहा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं आहे. फोर्ट कोचीची जुनी घरं देखणी आहेत, पण तिथून सकाळी शहर ओलांडून हमरस्त्याला लागण्यात तास मोडतो. तो हट्ट परतीच्या रात्री पुरवा.

फोर्ट कोचीला रिक्षाने जाऊ नका, पाण्यातून जा. हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रो सुटते. २०२३ मध्ये ही सेवा सुरू झाली. बोटी वातानुकूलित, तिकीट २० ते ४० रुपयांच्या दरम्यान. ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबायची पद्धत नाही, बोट भरली की फाटक बंद. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी रांग लांब लागते. त्याहून स्वस्त म्हणजे मुख्य बोट जेट्टीवरून सुटणारी सरकारी बोट. उघड्या खिडक्या, खारा वारा आणि बरोबर डबे घेऊन चाललेले नोकरदार. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, पण उतरल्यावर शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा.

क्रम असा लावा. आधी मट्टांचेरी, कारण राजवाडा संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतो. नाव डच पॅलेस, बांधला पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास, आणि १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव त्यांचं लागलं. आतली रामायणाची भित्तिचित्रं बघायला तासभर द्या, फोटो काढता येत नाहीत. मग चालत सिनेगॉग. १५६८ चं आहे, जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या. चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

मट्टांचेरीत आपल्यासाठी आणखी एक कान टवकारण्याची जागा आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे वसले, आणि चेरळाईच्या तिरुमल देवस्वम मंदिराच्या आसपास आजही कोकणी ऐकू येते. पाचशे वर्षांत मल्याळमचा रंग चढलाय, पण बेळगाव-खानापूरच्या माणसाला धागा सापडतो. मंदिरात पुरुषांनी शर्ट-बनियन काढून जायचं. दुपारी देऊळ बंद असतं.

सूर्यास्ताला फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी. मोठ्या तराफ्यासारखी लाकडी चौकट, मागे दोरांना टांगलेले दगड. दगडांच्या वजनाने जाळं तोललेलं असतं, म्हणून चार-पाच माणसांत एवढं धूड वर येतं. ‘या, दोर ओढा’ असं कोणी प्रेमाने बोलावलं तर जा, पण ओढून झाल्यावर पैसे मागितले जातात. आधीच ठरवून घ्या. किनाऱ्यावर पोहू नका, वाळू कमी आणि जलपर्णी जास्त. तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पाच मिनिटांवर. १५०३ चं मूळ, वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष लिस्बनला नेले.

कथकली बघायची असेल तर खेळाच्या तासभर आधी जा. रंगभूषा समोर बसून करतात, आणि मुलांना खेळापेक्षा तीच जास्त आवडते.

घाट

कोचीहून सकाळी सात ते आठमध्ये निघा. केरळ परिवहनची बस साडेचार-पाच तास घेते, टॅक्सी चार-साडेचार. केएसआरटीसी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्नाटकाची बस येते, इथे तीच अक्षरं केरळच्या बसवर असतात. या नावावरून दोन्ही राज्यांचं भांडणही झालंय. बेळगावला तर ‘वायव्य कर्नाटक’ परिवहनची बस येते, त्यामुळे आपण त्रयस्थ.

टॅक्सी ठरवताना नुसता ‘मुन्नार किती?’ असा प्रश्न विचारू नका. जाण्या-येण्याचे २६० किलोमीटर, वरचे दोन दिवस रोजचे ६०-७०, म्हणजे एकूण चारशेच्या आसपास होतात. पॅकेजमध्ये किती किलोमीटर धरलेत, ड्रायव्हरचा बाटा, रात्रीचा मुक्काम आणि पार्किंग कोणाकडे, हे मेसेजवर लिहून घ्या. चौघांपेक्षा कमी असाल तर बसने जाऊन वर रिक्षा किंवा जीप घेणं स्वस्त पडतं.

मूवाट्टुपुळा, कोतमंगलम, नेरियमंगलम, अडिमाली, मुन्नार. कोतमंगलम हे शेवटचं मोठं सपाटीवरचं गाव. नाष्टा, डिझेल, एटीएम, बाथरूम, सगळं इथे उरका. नेरियमंगलमला पेरियार नदीवरचा १९३५ चा कमानींचा पूल ओलांडला की जंगल आणि वळणं एकदम सुरू होतात, आणि मोबाइलची रेंज एकदम जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. चीयप्पारा आणि वाळरा हे धबधबे रस्त्याला लागूनच आहेत. पाऊस संपल्यावर दोन-तीन महिने भरून वाहतात, मार्चनंतर खडक दिसतो. थांबा, पण हातात खाऊ ठेवू नका, माकडं तयार असतात.

उलटीचा त्रास असलेल्यांनी गोळी घाट लागल्यावर घेऊ नये, तेव्हा ती वाया जाते. कोतमंगलमला थांबाल तेव्हा, म्हणजे चढ सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. पोट रिकामं नको आणि परोट्याने भरलेलंही नको, दोन इडल्या बऱ्या. पुढच्या सीटवर बसा, मोबाइलमध्ये बघू नका.

दुपारी उशिरा निघून संध्याकाळी घाट चढायचा बेत करू नका. धुकं उतरतं, रस्त्याची कामं आणि दरडींचे ढिगारे अंधारात दिसत नाहीत. वर हत्तींचाही प्रश्न आहे. पडयप्पा नावाचा रानटी सुळेवाला मुन्नारमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तो मट्टुपेट्टी रस्त्यावर खुशाल उभा असतो. समोर आला तर हॉर्न वाजवायचा नाही, दिवे चमकवायचे नाहीत, गाडीतून उतरून फोटो तर नाहीच. लांब थांबायचं आणि वाट बघायची.

एक गैरसमज मिटवून टाकतो. उटी आणि कोडाईकनालला गाडी न्यायला तमिळनाडूचा ई-पास लागतो. कोची-मुन्नार रस्त्याला तो लागत नाही.

मुन्नार: खोली आणि सकाळ

खोली बुक करताना ‘मुन्नार’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. आनच्चाल, चित्तिरापुरम, चिन्नक्कनाल, सगळी हॉटेलं स्वतःला मुन्नारच म्हणवतात. चिन्नक्कनाल गावापासून वीसेक किलोमीटर आहे, डोंगरात ते पाऊण-एक तासाचं अंतर होतं. नकाशावर मुन्नार बसस्टँडपासून अंतर मोजा. शेवटचा एक किलोमीटर रस्ता किती उभा आहे, टेम्पो ट्रॅव्हलर चढतो का, हे फोनवर विचारा. कित्येक ठिकाणी हॉटेलची जीप खाली येऊन सामान नेते आणि त्याचे पैसे वेगळे लावते. खिडकीतून मळा दिसणार असं सांगितलं असेल तर अलीकडचा फोटो मागवा. चहाची झुडपं चार-पाच वर्षांनी खोल छाटतात, आणि छाटलेला मळा म्हणजे काटक्यांचा उतार.

मंगळवारी दुपारी पोचाल. जेवण, थोडी झोप, आणि गावापासून दोन किलोमीटरवर नल्लतण्णीचं चहा संग्रहालय. दोन तास लागतात, चारनंतर गेलात तर घाई होते.

बुधवारची सकाळ एराविकुलमला द्या. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, पहिली वेळ घ्या. फाटकापाशी आपली गाडी ठेवायची, वनखात्याची बस राजमलेपर्यंत नेते, पुढे डांबरी वाट चालत. ताहर कठड्यापाशी येऊन उभे राहतात, हात लावू नका. वरचा अनामुडी २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, पण त्यावर जाता येत नाही. दहानंतर धुकं आणि गर्दी दोन्ही वाढतात. दुपारी देविकुळम रस्त्याने लॉकहार्ट खिंड, तिथली चहाची जुनी फॅक्टरीही बघायला मिळते.

टॉप स्टेशन ३२ किलोमीटर, मट्टुपेट्टी धरणावरून. दृश्य सुंदर, पण अकरानंतर बहुतेक दिवस पांढरा पडदा. दोन रात्रींच्या सहलीत एराविकुलम आणि टॉप स्टेशन दोन्ही धरले की दोन्ही अर्धे होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान बंद असेल तेव्हा टॉप स्टेशन करा. कोलुक्कुमलईचा सूर्योदय हा वेगळाच प्रकार. मळा तमिळनाडूत, वाट केरळातल्या सूर्यनेल्लीवरून, पहाटे चारच्या आसपास जीप, आणि रस्ता म्हणजे नुसते धोंडे. कंबरदुखी, गरोदरपण, लहान मूल यांपैकी काहीही असेल तर नाव काढू नका.

मळा खासगी असतो. रस्त्याकडेच्या कुंपणाआत शिरून फोटो काढू नका. पान तोडून चावू नका, झुडपांवर औषध फवारलेलं असतं. पावसानंतर जळवा निघतात. मोज्यांना मीठ किंवा तंबाखूची पूड चोळायची, हे निपाणीकरांना आम्ही काय सांगणार!

बोलायचं कसं, हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा सोपा जातो. हॉटेलात हिंदी चालते, मळ्यात मुख्यतः तमिळ. कन्नड कानावर असेल तर एक किल्ली वापरा. कन्नडमधल्या ‘ह’च्या जागी ‘प’ घालून बघा. हालु म्हणजे दूध, तिकडे पाल. हत्तु म्हणजे दहा, तिकडे पत्तु. हूवु म्हणजे फूल, तिकडे पूवु. मळ्यातल्या लोकांना अण्णा-अक्का म्हटलेलं बरोबर लागतं, कोचीत चेट्टा आणि चेची. मुन्नार हे नावही मून आणि आरु, तीन नद्या, असं फोडून सांगतात.

खाण्याबद्दल तीनच गोष्टी. फोडणी खोबरेलाची असते, न सोसणाऱ्यांनी दशम्या, शेंगाचटणी, भडंग बरोबर ठेवावं. भात मागितला की जाडा उकडा येतो, पांढरा हवा असेल तर तसं सांगा. आणि ताटाबरोबर कोमट गुलाबी पाणी आलं तर परत पाठवू नका. पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं ते पिण्याचंच पाणी आहे. डोंगरात प्लास्टिकवर निर्बंध आहेत, स्टीलची बाटली घ्या. एक जर्किन, एक छत्री, आणि कोचीसाठी सुती कपडे पुरतात.

परतीची चूक

परतीच्या मंगला आणि नेत्रावती एर्नाकुलमहून दुपारच्या सुमारास सुटतात, पावसाळी वेळापत्रकात मंगला आणखी आधी. त्याच सकाळी मुन्नारहून उतरून ती पकडायची म्हणजे पहाटे धुक्यात घाट उतरायचा. एखादी दरड, एक बंद पडलेला ट्रक, आणि गाडी गेली. केरळात अचानक हरताळही पुकारला जातो, त्या दिवशी टॅक्सी मिळत नाही. म्हणून ती एक कोचीची रात्र. गुरुवारी नाष्टा करून उतरा, दुपारी दोनपर्यंत खाली पोचता. संध्याकाळ मरीन ड्राइव्हला किंवा फोर्ट कोचीला.

चहा घेताना

संग्रहालयात यंत्रांसमोर नीट उभं राहा, कारण तिथे कळलेलं दुकानात उपयोगी पडतं. खुडलेली पानं आधी हवेवर सुकवून मऊ करतात. मग सीटीसी यंत्राचे दातेरी रूळ, एक हळू आणि दुसरा खूप वेगाने फिरणारा, पान चिरडतात, फाडतात आणि गोळी वळतात. तो हिरवा चुरा तास-दीड तास हवेवर राहून तपकिरी होतो. फर्मेंटेशन म्हणतात, पण आंबणं नव्हे, कापलेलं सफरचंद काळवंडतं तशी ती क्रिया. मग भट्टीत वाळवून ओल तीनेक टक्क्यांवर आणतात आणि चाळण्यांतून दाणा वेगळा करतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पानांतून एक किलो चहा निघतो.

पुड्यावरची अक्षरं दाण्याचा आकार सांगतात, चव नव्हे. बी.पी. म्हणजे मोठा दाणा, पी.एफ. त्याहून बारीक, पी.डी. आणि डस्ट भुकटी. दाणा जितका बारीक तितका रंग लवकर आणि कडक. आपल्याकडचा दूध घालून उकळलेला चहा करायचा तर सीटीसीच घ्या: कडक हवा तर डस्ट, जरा वास हवा तर बी.पी. लांब वळलेल्या पानाचा ऑर्थोडॉक्स चहा महाग असतो. तो दुधात उकळलात तर पैसे पातेल्यात गेले. त्याला कपभर उकळतं पाणी, एक चमचा पान, तीन-चार मिनिटं झाकण, आणि गाळायचं. ‘ऑरेंज पिको’त संत्रं नसतं.

चॉकलेट चहा, स्ट्रॉबेरी चहा, व्हॅनिला चहा अशा रंगीत डब्यांत बहुतेक वेळा साधाच चहा आणि वरून वास असतो. मळ्याच्या कंपनीच्या दुकानातून घ्या, पॅकिंगची तारीख बघा. कोरड्या थंड महिन्यांतला चहा पावसाळ्यातल्यापेक्षा चवीला उजवा. तीन किलो एकदम उचलू नका, चार-सहा महिन्यांत संपेल तेवढाच. सुट्या चहाची शंका आली तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर टाका. लगेच रंगाचे ओघळ पसरले तर रंग मिसळलेला आहे.

मुन्नारचा इडुक्की जिल्हा वेलदोड्याचाच प्रदेश, तो इथेच घ्यावा. आठ मिलिमीटरचा जाड दाणा सर्वांत महाग, पण चहात कुटून घालायला सहा-सातचा पुरतो. हिरवा रंग फार झगझगीत असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा. मिरी पाण्यात टाका, भरीव दाणे बुडतात. पपईच्या बिया आणि पोचट दाणे तरंगतात.

आणि बॅग भरताना चहा एका बाजूला, मसाला दुसऱ्या बाजूला. चहा वास ओढून घेतो. मडगावपर्यंतच्या एका रात्रीत अर्धा किलो उत्तम ऑर्थोडॉक्सला वेलदोडा-लवंगेचा वास लागतो, तो परत निघत नाही. घरी आल्यावरही पुडा हवाबंद डब्यात, गॅसपासून लांब, आणि मसाल्याच्या कप्प्यात मुळीच नाही.